पऱ्हाटीची फुलं

बी.एड.चा माझा सराव पाठ झरी जामणीकडच्या एका शाळेत होता. वर्ग पाचवी, विषय अपूर्णांक. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे पाठ कसा करावा हे विचारायला कुणी नव्हतं. ताटात फुलं मांडून अर्धा आणि पाव शिकवायचं मी आपल्या मनानंच ठरवलं. आदल्या दिवशी मुलांना म्हटलं, मिळतील ती फुलं आणा.

बहुतेकांनी झेंडू आणि जास्वंद आणली. एका मुलीनं ओढणीत बांधून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बारा फुलं आणली, पिवळसर, त्याच सकाळी उमललेली. मी तिचं कौतुक केलं आणि ती ताटात गोल मांडली. मागे आमच्या कॉलेजचे सर वही घेऊन बसले होते.

बारातली सहा वेगळी केली, तेवढ्यात त्या मुलीची आई दारात आली. निंदण सोडून आली होती, हात मातीचेच होते.

"हिले फुलं तोडाले कोनं सांगतलं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. सरांचं पेन थांबलं. मी बोलले नाही तर मार तिला बसणार, हे मला कळत होतं. तरी मी आधी सरांच्या वहीकडे पाहिलं. त्याची लाज अजून वाटते.

"म्या सांगतलं, काकू."

"शयरातली हायेस काय?"

"नाही. आमच्या घरीबी पऱ्हाटीच हाये."

"मंग तुले मालूम नाही? फूल तोडलं का बोंड गेलं."

मालूम होतं. लहानपणी एक फूल केसात माळलं म्हणून आईनं मला वावरातून हाकललं होतं. पाठाच्या टाचणात ‘साहित्य: फुले’ लिहिताना ते डोक्यातच आलं नाही.

"काकू, मॅडमनं अजून अर्धेच मोजले," पुढची एक पोरगी म्हणाली. वर्ग हसला. ती बाई हसली नाही.

"चाल घरी," ती मुलीला म्हणाली.

"पाठ होऊ द्या, काकू. हिचा कसूर नाही. मारू नोका तिले."

ती उंबऱ्यावर बसली. बाराचा पाव किती, हे मी त्या मुलीलाच विचारलं. ती हळूच "तीन" म्हणाली.

तास संपल्यावर तिची आई उठली. "गुलाबी झालेलं फूल घेत जाय. ते आपसूक गळते, बोंड झाडालेच राह्यते."

सरांनी वहीत लिहिलं होतं, ‘पाठ पुन्हा घ्यावा.’ मी खाली सही केली. बाहेर ती मुलगी खिचडीच्या रांगेत उभी होती. आईनं तिला नेलं नव्हतं.