पल्याडचं गाव कोणतं?

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत नळाला पाणी बारीक यायचं. एक हंडा भरेपर्यंत दोन किस्से सहज ऐकून व्हायचे! त्यातले निम्मे आमच्या आत्याबाईंचे. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या, भांडगावच्या. ह्यांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं. एका वर्षी ह्यांचा पास निघाला आणि समुद्रकाठच्या हॉलिडे होममध्ये दोन खोल्या मिळाल्या. एकीत आम्ही तिघं, दुसरीत शेजारच्या हमीदाबी आणि त्यांचे फिटरसाहेब. तेव्हाच्या या गोष्टी.

* * *

गॅलरीत उभं राहिलं की समोर नुसतं पाणी! आम्ही सगळे लाटा बघत राहिलो. आत्याबाईंनी मात्र डोळ्यांवर हात धरून लांबवर बघितलं आणि रखवालदाराला विचारलं, "भाऊ, पल्याडचं गाव कोणतं म्हणायचं?"

त्यांचं माहेर भीमाकाठचं. पाणी म्हटलं की पलीकडे गाव असायचंच!

रखवालदार हसला. "गाव कसलं, आजी? पलीकडे अरबस्तान, बसरा!"

"बसरा? ह्याच अंगाला?"

"हो, नाकासमोर."

आत्याबाईंचे यजमान पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते. ते परत आले नाहीत आणि बरीवाईट खबरही आली नाही. आत्याबाईंनी कुंकू पुसलं नाही. हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायचा आग्रह करत, तेव्हा त्या म्हणत, "आल्यावर घीन, त्यांच्यासमोर." इतकी वर्षं हेच उत्तर!

* * *

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो. आत्याबाईंनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकून टाकलं. मग कौतुकानं म्हणाल्या, "ज्यानं केलंय, त्याचा हात लई सढळ हाय गं!"

* * *

भरती-ओहोटीचं गणित मला काही जमेना. आमचे हे मालगाडीवर गार्ड. म्हणाले, "सोपं आहे. काठाकडे येते ती अप, परत जाते ती डाऊन."

झालं! रोज सकाळी हमीदाबी शेजारच्या गॅलरीतून ओरडायच्या, "वहिनी, डाऊन सुटली! चला शिंपले वेचायला!"

आत्याबाईंनी ह्यांना विचारलं, "आन् ही डाऊन जाती कुठवर?"

"लांब जाते, आत्या. पार बसऱ्यापर्यंत म्हण ना!"

हे गमतीनं बोलले. आत्याबाईंनी नुसती मान हलवली.

* * *

एका संध्याकाळी दीपगृह बघायला गेलो. साठी ओलांडलेल्या आत्याबाई लुगडं खोचून सगळ्यांच्या आधी वर! फिटरसाहेब धापा टाकत मागून आले, तर म्हणतात कशा, "काय हो फिटर, इंजनातलं पाणी संपलं काय?"

मग तिथल्या माणसाला त्यांनी विचारलं, "हा दिवा कशापायी?"

"बोटींना वाट सापडावी म्हणून."

"कवापासून हाय?"

"पुष्कळ जुना आहे. इंग्रजांच्या अमदानीतला."

"म्हंजी तवा बी व्हता," असं म्हणून त्यांनी दगडी भिंतीवरून हात फिरवला. लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

* * *

निघायच्या दिवशी ट्रंका बांधून झाल्या, दारात टांगा आला आणि आत्याबाई खोलीत नाहीत! मी आणि हमीदाबी धावत किनाऱ्यावर गेलो. आत्याबाई पाण्याच्या कडेला उभ्या. अंगावर घडीचं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"आत्या, चला ना! गाडी चुकंल!" हमीदाबी म्हणाल्या.

"थांब जरा. डाऊन सुटू दे."

भरती नुकतीच पुरी झाली होती. बघता बघता पाणी मागे सरायला लागलं. आत्याबाई दोन पावलं त्याच्या मागे गेल्या. भीमेच्या काठावरून पलीकडच्या नावाड्याला हाक मारतात तसे त्यांनी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"भीमेला ऐलतीर, भीमेला पैलतीर,
गणपतरावांचं नाव घेते, लई धरला धीर!"

हमीदाबींनी माझा हात घट्ट धरला. टांगेवाला वरून हाका मारत होता.

आत्याबाईंनी पदर सावरला आणि वळल्या.

"चला गं," म्हणाल्या, "डाऊननं धाडलंय. पोचंल."