खंडोजी आचारी मुंबईस जेवतो

देवास गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक कड एका महाराजांची, समोरची दुसऱ्या महाराजांची. अशा गावात कुणाला स्वस्थ जेवता येत नाही. पलीकडे काय शिजतंय ते आधी पाहावं लागतं.

सन १९१२ च्या उन्हाळ्यात धाकट्या पातीचे सरदार बापूसाहेब कलकत्त्याहून परतले आणि चारचौघांत म्हणाले, "चिनी, अरबी, ब्रह्मदेशी, सगळ्यांच्या खाणावळी पाहून आलो. थोरल्या पातीत काय, अजून श्रीखंडच का?" हे वाक्य रस्ता ओलांडून थोरल्या पातीच्या सरदार भैयासाहेबांपर्यंत पोचायला पाव तास लागला. एरवी एवढाही लागत नाही, पण सांगणारा वाटेत पान खायला थांबला होता.

भैयासाहेबांनी आपल्या मुदपाकखान्याच्या मुख्य आचाऱ्याला, खंडोजीला, समोर उभं केलं.

"मुंबईस जा. बाहेरचे जेवढे मुलूख तिथे चूल मांडून बसलेत, त्यांच्याकडे जेवून ये. दसऱ्याला मी बापूसाहेबांना पंगतीला बोलावलंय."

"अन् नाही जमलं तर, सरकार?"

"इंदुरात एक गोव्याचा आचारी आहे म्हणे. टोपी घालून रांधतो."

खंडोजीचा बाप आणि आजा याच चुलीपुढे म्हातारे झाले होते. त्याने मान लववली आणि घरी येऊन वळकटी बांधली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खंडोजी रांधायचा चांगलं, पण त्याची कीर्ती वाढण्याची होती. देवासच्या पंगतीत पहिलं 'नको' म्हणजे नमस्कार, दुसरं 'नको' म्हणजे वाढा, तिसऱ्यावर थोडा विचार, आणि चौथ्याला पाहुण्याच्या पोराबाळांची शपथ. ताटावर आडव्या धरलेल्या हातावरच खंडोजीने जिलब्या रचल्याचे दाखले आहेत. आणि स्वतः पाहुणा म्हणून गेला, की तीनदा 'नको' म्हटल्याखेरीज तो पाण्याच्या तांब्यालाही शिवत नसे. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस एक तर दुष्काळातून आलेला असतो, नाही तर त्याच्यावर संस्कार झालेले नसतात, असं त्याचं ठाम मत होतं.

"गाय सोडून काय हवं ते खा," जानकीबाईंनी नवऱ्याला बजावलं. "आल्यावर भटजींकडून पंचगव्य घ्या, मगच माझ्या चुलीपाशी या." आणि चार दिवसांच्या दशम्या बांधून दिल्या. त्या खंडव्याला गाडी बदलेपर्यंत संपल्या.

मुंबईत त्याचा साडू गणपत गोदीत मुकादम होता. खलाशी कुठे कुठे जेवतात ते त्याला तोंडपाठ. पहिल्या दिवशी त्याने खंडोजीला एका इराण्याच्या दारात सोडलं आणि तो कामावर गेला.

संगमरवरी टेबलापाशी खंडोजी मांडी घालून खुर्चीवर बसला. इराणी आला.

"क्या मांगता?"

"नहीं नहीं, अभी घर से खा के ही निकले, भिया," खंडोजी तोंडभर हसून म्हणाला आणि आग्रहाची वाट पाहू लागला.

"तो कुर्सी खाली करो."

संध्याकाळी गणपतने विचारलं, "काय खाल्लंत?"

"त्याने विचारलं. मी नको म्हणालो."

"मग?"

"त्याने ऐकलं." हे सांगताना खंडोजीचा आवाज खोल गेला होता.

गणपत हसून हसून खोकला. "अहो साडूभाऊ, तिथे तुम्ही गिऱ्हाईक! व्याही नव्हे. एकदाच विचारतात."

"एकदा विचारणं म्हणजे न विचारणं, गणपतराव. आमच्याकडे एवढं तर वैऱ्यालाही विचारतात."

"मग उद्या 'हो' म्हणा की."

"म्हणतो," खंडोजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिन्याकडे गेला. चिन्याने न बोलता वाफाळता वाडगा पुढे केला. खंडोजीने मनाशी 'हो' जुळवला होता, पण पंचेचाळीस वर्षांचा हात आपसूक आडवा झाला. चिन्याने मान डोलावली आणि वाडगा शेजारच्या खलाशाला दिला. आत शेवया होत्या, तिखटमिठाच्या. आलं, लसूण, तिळाचं तेल एवढं वासावरून कळलं. एक काळं पाणी होतं ते काही कळेना. खंडोजी त्या खलाशाच्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिला, की खलाशी वाडगा घेऊन पाठ फिरवून बसला.

तिसऱ्या दिवशी अरबाच्या कहवाखान्यात मात्र पारडं फिरलं. तिथे 'नको' म्हटलं तरी अरब पेला भरी. रिकामा केला की पुन्हा भरी. खंडोजीला वाटलं, ही माणसं खानदानी! पण कहवा कडू जहर. चौथ्या पेल्यावर त्याने शपथ घातली, सातव्यावर हात जोडले. नवव्यावर त्याला आपल्या हाताखालून गेलेले देवासचे सगळे पाहुणे एकेक करून आठवू लागले. पेला हलवून परत दिला की अरब थांबतो, हे त्याला शेजारच्याने सांगितलं, पण अकराव्यानंतर.

रोज संध्याकाळी गणपतची बायको भवानीबाई चारचारदा आग्रह करून जेवू घालत असे. त्यामुळे माणूस उपाशी नव्हता, फक्त अडाणी राहत होता. उद्याची गाडी, डोळ्यांपुढे ती गोव्याची टोपी, आणि पदरी काय तर अकरा पेले.

शेवटच्या दिवशी गोदीमागे एका ब्रह्मी बाईचं दुकान उरलं होतं. दोन बाकडी आणि एक पातेलं. नवरा तेलंगी खलाशी, त्यामुळे बाईला मोडकं हिंदी येई. खंडोजी बसला. तिने डाव उचलला. तिने विचारायच्या आतच तो म्हणाला, "हो."

मग त्याने चहूकडे पाहिलं. देवासचं कुणी नव्हतं.

"कोंबडी?"

"हो. गाय नको. कोंबडी हो."

शेवयांवर नारळाच्या दुधातली कोंबडी, वर तळलेला लसूण, उकडलेलं अंडं, लिंबू. रस्सा दाट कशाने झाला हे मात्र त्याने बोट बुडवताच ओळखलं: भाजलेलं बेसन. परमुलखात बेसन भेटल्यावर त्याचे डोळे भरून आले. "और?" बाई म्हणाली. "हो." तिसऱ्या वाडग्यानंतर तो उठून सरळ तिच्या पातेल्यामागे जाऊन उभा राहिला, आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही.

दसऱ्याला भैयासाहेबांकडे चाळीस ताटं मांडली. नारळ मुंबईहून आले होते, शेवया जानकीबाईंनी वळल्या होत्या. पण पहिल्या ताटाशी जाताच पाहुण्याने ते पिवळं शेवयांचं प्रकरण पाहिलं आणि हात आडवा केला. दुसऱ्यानेही केला. खंडोजी आयुष्यभर 'नको' ऐकत आला होता. हे तसलं 'नको' नव्हतं. हे खरं होतं. बापूसाहेब मिशीत हसले. भैयासाहेबांनी खाली मान घातली, आणि त्यांच्या ओठांवर 'इंदूर' आल्यासारखं खंडोजीला वाटलं.

खंडोजीने पातेलं खाली ठेवलं. बापूसाहेबांच्या समोर, भर पंगतीत, जमिनीवर बसला. वाडगा भरला, लिंबू पिळलं आणि जेवू लागला. मालकांआधी आचारी जेवतोय, हे देवासने कधी पाहिलं नव्हतं. फक्त शेवया ओढल्याचा आवाज.

अर्धा वाडगा झाला तेव्हा बापूसाहेब खाकरले.

"थोरल्या पातीचा आचारी खातो, आणि धाकटी पाती काय बघत बसणार? वाढ."

त्यांनी दोनदा घेतलं. मग बाकीच्यांनाही घ्यावंच लागलं, आणि घेतल्यावर पातेल्याचा तळ दिसला.

पंगत उठल्यावर भैयासाहेबांनी खंडोजीला आत बोलावून फैलावर घेतलं. मालकांपुढे जेवायला बसतो, रीतभात मुंबईला विकून आला, वगैरे.

"आणि उद्या," भैयासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "ते पुन्हा कर. मला मिळालंच नाही."