टाकीवालीचे जंतू

गावात सांडपाणी शुद्ध करायची टाकी बांधून झाली आणि ती चालवायला माणूस हवा म्हणून बैठक भरली, तेव्हा झाडून सगळ्या पुरुषांनी हात खिशात घातले. मागच्या रांगेतल्या एका बाईचा हात तेवढा वर होता. ती खरं तर पंखा जरा कमी करा म्हणून सांगणार होती. पण टाळ्या वाजल्या आणि दहा दिवसांच्या प्रशिक्षणानंतर ती गावाची टाकीवाली झाली.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अख्ख्या गावाची घाण निस्तरायला आमचीच सून सापडली?" सून घरी आली की त्या तिचे कपडे काठीने उचलून बादलीत बुडवत.

टाकीवाली मात्र कामात रमली. घरोघरच्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी टाकीत यायचं, खालून हवेचे बुडबुडे सुटायचे आणि गाळातले जंतू ती घाण खाऊन फस्त करायचे. रोज सकाळी ती टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून टाकीशेजारच्या खोलीच्या खिडकीत ठेवी. अर्ध्या तासात गाळ तळाला बसून वर नितळ पाणी दिसलं की तिचा जीव भांड्यात पडे.

एका सोमवारी गाळ बसेचना. टाकीवर पांढरा फेस, आणि ओल्या मातीसारख्या रोजच्या वासाऐवजी दवाखान्यासारखा भपका! वास कुठून येतो ते शोधायला ती गटाराच्या चेंबरची झाकणं उघडत, हुंगत निघाली. लोक काम सोडून बघत राहिले. चौकात वास डावीकडे वळला, शाळेपाशी नाकाला झोंबला आणि सरळ तिच्याच घरासमोर येऊन थांबला.

मोरीत सासूबाई फिनेलचा कॅन उपडा करत होत्या.

"आई, अहो हे काय?"

"गुरुवारी विहीणबाई यायच्यात. तुझ्या कामाचा वास त्यांच्या नाकात गेला तर माझ्या लेकीला सासरी तोंड दाखवायला जागा राहील का? गल्लीतल्या सगळ्यांना मी फिनेल वाटून दिलंय. एकेकीनं पाच-पाच लिटर ओतलंय."

"माझे सगळे मेले हो!"

सासूबाईंच्या हातून कॅन सुटला. "कोण मेलं गं?"

"जंतू!"

"अगं, मग बरंच झालं की!"

टाकीवाली मोरीच्या कठड्यावर बसली. "आई, तुमच्या विरजणात कुणी उकळतं पाणी ओतलं तर?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. गेली तीस वर्षं त्या विरजण मोडू न देणाऱ्या बाई. पडलेला कॅन उचलून बाजूला ठेवत त्यांनीच विचारलं, "मग नवं विरजण कुठं मिळेल?"

ते शेजारच्या गावच्या टाकीत होतं. दोन दिवस गल्लोगल्ली फिरून सासूबाईंनी सगळ्यांचं फिनेल बंद केलं. गुरुवारी सकाळी टेम्पोत गाळाची आठ पिंपं चढली आणि "तुला नाही सांभाळता यायचं" म्हणत त्याही चढल्या.

परतताना रस्त्यात बस बंद पडलेली. शेजारी सामान घेऊन उभ्या असलेल्या बाई हात करत होत्या. विहीणबाईच! सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. पण टेम्पो थांबला, आणि विहीणबाई दोन पिंपांच्या मधोमध बसल्या.

"काय आहे हो यात?"

"विरजण," सासूबाई म्हणाल्या.

"एवढं?"

"गावाला लागतं."

खड्ड्यात चाक आदळलं, एक झाकण उडालं आणि थोडं विरजण विहीणबाईंच्या चपलेवर सांडलं. त्यांनी वाकून वास घेतला.

"पावसानंतरच्या शेतासारखा वास येतोय," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या गावचं गटार उघडंच वाहतं. ही टाकी बघायची मला."

टाकी त्यांना सासूबाईंनीच दाखवली. निम्मं चुकीचं सांगितलं, पण असं ठणकावून, की टाकीवालीलाही पटावं. ती पिंपं रिकामी करण्यात गुंतली होती. गाळ नीट बसायला पुढं नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत सासूबाई रोज बरणी बघायला येऊन गेल्या.