पोर्क चॉप आणि अण्णांची कवळी

आमच्या घरात पोर्क आलं ते माझ्या रागापायी. हौस म्हणाल तर कोणालाच नव्हती.

आई गेली आणि मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वैजापूरकडच्या गावातून इथं शहरात आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. अर्धं आयुष्य फौजेत आणि उरलेलं शेतात काढलेला माणूस. आल्यापासून जेवायचं नाव नाही. शर्ट अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, अंगात काही राहिलं नाही, खाणं वाढवा. सांगायला काय जातंय! मटण केलं की "चावत नाय." खिचडी केली की "मी काय दवाखान्यात भरती हाय का?" नवी कवळी करून घेतली, तर ती दिवसभर वाटीतल्या पाण्यात बसून आणि अण्णा खुर्चीत बसून. दोघांनाही काम नाही.

मला आतून भीती वाटत होती. आईमागं अण्णाही असेच झिजत जाणार की काय, असं सारखं मनात यायचं. पण मला भीती वाटली की मी चिडते, तो माझा स्वभाव.

"मग खाणार तरी काय तुम्ही? एकदाचं सांगून टाका!" एका दुपारी मी ओरडलेच.

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या मेसमध्ये पोर्क चॉप असायचे. लई मऊ."

माझ्या नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही शेतकरी घरातली माणसं; बकरं, कोंबडी, मासे, सगळं चालतं. पण हे नाव काढलं की गावाबाहेरच्या नालीत लोळणारी डुकरं डोळ्यासमोर येतात आणि अंगावर काटा.

"आपल्या घरात? आपल्या कुकरात?" हे म्हणाले.

"नाहीतर काय, शेजाऱ्यांच्या कुकरात?" मी म्हटलं. खरं तर तो कुकर मलाही बाटवायचा नव्हता. पण शब्द तोंडातून गेला की गेला.

चॉप, म्हणजे पाठीच्या मांसाचे काप, छावणीकडच्या एका दुकानात मिळाले. दुकानदारानं विचारलं, "जाड कापू का पातळ?" मी पातळ सांगितलं, लवकर शिजेल म्हणून. ह्यांनी ती काळी पिशवी दोन बोटांत धरून अंगापासून हातभर लांब ठेवली होती. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. "काय आणलंत भाऊजी?" हे म्हणाले, "भोपळा." बाईनं पिशवीकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

मटण मला येतं, त्याचा गर्व आहे मला. तसंच केलं. कांदा-खोबरं भाजून वाटण, काळा मसाला, कुकर. त्यात हे मांस कच्चं राहिलं तर पोटात किडे होतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मटणाला देते त्याच्या दुप्पट शिट्ट्या दिल्या, आणि वर जिवाला घोर नको म्हणून आणखी दोन. रस्सा असा झाला की ह्यांनी हळूच वाटी पुढं केली. "फक्त रस्सा हं," म्हणाले. पण अण्णांनी चॉपचा एक घास घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला आणि काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"सुतळी," म्हणाले. बस्स, एवढंच.

मी हार मानणारी नव्हे. पुढच्या वेळी नॉनस्टिक तव्यावर टाकले. चॉप पातळ, त्यामुळं कडा वर वळल्या आणि त्यांच्या वाट्या झाल्या. मी उलथन्यानं दाबून दाबून सरळ केलं. चर्र चर्र आवाज काय सुंदर यायला लागला! तो सगळा रस बाहेर पडत होता, हे मला काय माहीत? वरून किड्यांची धास्ती होतीच. काळेठिक्कर होईपर्यंत सोडलं नाही.

अण्णांनी चॉप उचलून ताटावर वाजवला. "याचा बुटाला तळ लावता यील."

झालं! मी उलथनं ओट्यावर आपटलं. "तर मग तुम्हीच करा!"

म्हटलं आणि जीभ चावली. आमच्याकडं पुरुष स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. पण शेतात तीन दगडांवर पातेलं चढलं की गोष्ट वेगळी; तिथं मटण पुरुषच करतात, आणि बायकांना मीठसुद्धा चाखू देत नाहीत. अण्णांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "करतो की. पण शेगडी गॅलरीत आणा. ओट्याशी मी उभा राहनार नाय."

शुक्रवारी सकाळपासून घराची छावणी झाली. बोळक्या तोंडानं हुकूम सोडणं बरं दिसत नाही, म्हणून की काय, पण अण्णांनी कवळी चढवली. ह्यांना औरंगपुऱ्याच्या बाजारात पिटाळलं, जड बिडाचा तवा आणायला. चॉप या वेळी अंगठ्याएवढे जाड, हाडासकट, कडेची चरबी न काढलेले. ते मिठाच्या पाण्यात गुळाचा खडा टाकून दुपारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवले. मग माझ्या नव्याकोऱ्या नॅपकिननं टिपून खडखडीत कोरडे केले. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "ओल्या मांसाला रंग येत नाय." चरबीवर सुरीनं चिरा दिल्या, म्हणजे कडा वळत नाहीत. वरून फक्त कुटलेले मिरे.

तवा तापल्यावर चिमट्यानं उभे धरून आधी चरबीची कड भाजली. तिचंच तूप सुटलं, त्यात ठेचलेला लसूण. मग चॉप आडवे टाकले. मी सवयीनं उलथनं पुढं केलं.

"हात मागं!"

मांस न दाबता, न हलवता सोडून दिलं की कसं आपोआप सोनेरी होतं, ते मी पहिल्यांदा बघत होते. एकदाच उलटवले, आच बारीक केली, झाकण ठेवलं. हाडाजवळ सुरी टोचली. पाणी स्वच्छ आलं, लाल नाही. म्हणजे शिजलं. तिथंच गॅस बंद. किड्यांसाठी एक मिनिट वाढवून मागितलं, ते मिळालं नाही.

चॉप ताटलीत काढून अण्णांनी वर झाकण घातलं. मी भाकरीचं ताट हातात घेऊन तयारच. आमच्याकडं तव्यावरचं थेट ताटात. वाफ गेली की वाढणारीची लाज गेली.

"थांब," अण्णा म्हणाले.

"अहो, गार होतंय!"

"होऊ दे जरासं. आत्ता कापलं तर सगळा रस ताटलीत वाहून जाईल. मांसाला बसू दे थोडं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अन् तू पन बस."

"मी नंतर बसते. तुम्ही आधी..."

"तेच तर!" आवाज एकदम चढला. "आल्यापासून बघायलो. मला ताट देतीस अन् डोक्यावर उभी राहतीस. किती खाल्लं, किती टाकलं. पहाऱ्यावर शिपाई हाय का तू? असा घास उतरतो व्हय कुनाचा? तुजी आई क्वार्टरात आली तवापासून माझ्यासंगट बसायची जेवायला. गावात बाया नावं ठेवायच्या, तरी बसायची. आता एकटाच चावत बसू का मी?"

मला आधी राग आला. इतकं करून वर हेच ऐकायचं! मी तर मान म्हणून आधी वाढत होते, काळजी म्हणून उभी राहत होते. मग हातातलं ताट मी खाली ठेवलं. हा माणूस रोज दोन वेळा माझ्यासमोर एकटा जेवत होता, आणि मी तिथंच उभी होते.

मी आणखी दोन ताटं आणली. गॅलरीतच खाली बसलो, तिघंही. हे म्हणाले, "मी आपली नुसती भाकरी..." आणि थोड्या वेळानं हाड चोखताना दिसले. आणि चॉप? अहाहा! सुरी नुसती टेकवली की आत जात होती, कापलं तरी रस जागच्या जागी. अण्णा सावकाश चावत होते, मधेच मेसमधल्या गमती सांगत होते, आणि किती खाल्लं ते मी बघितलं नाही. बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

बोटं चाटत अण्णा म्हणाले, "उद्या काय?"

"उद्या शनिवार. वरण-भात."

"बरं. मग परवा दुसऱ्या रीतीनं करू. खाली कांद्याचा जाड थर, त्यावर चॉप, चमचाभर व्हिनेगर, अन् झाकन घालून मंद आचेवर सोडून द्यायचं. भाकरीसंगट झकास लागतं."

आई गेल्यापासून या माणसाच्या तोंडून मी 'परवा' हा शब्द ऐकला नव्हता. मला रडूच फुटलं.

"का गं माय, मिरं लागलं काय?" म्हणत अण्णांनी आपला पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.