वैशालीचा तक्ता भिंतीवर लागला

आज सांगलीत नवीन ॲप काढणाऱ्यांची कार्यशाळा होती. धंद्याचा आराखडा मांडायला सगळ्यांना नऊ चौकटींचा तक्ता दिला. महाबळेश्वरच्या टॅक्सी बुकिंगच्या माझ्या ॲपसाठी मी तो सुबक भरला, 'ग्राहक' चौकटीत फक्त पर्यटक लिहिले.

शेजारी माझी कॉलेजची मैत्रीण वैशाली बसली होती. तिचं ॲप कुपवाडच्या कारखान्यांतली रिकामी मशिनं भाड्यानं मिळवून देतं. तिनं 'ग्राहक' चौकटीचे सरळ दोन भाग केले: मशीनवाले आणि मशीन हवी असणारे. दोन्ही बाजू वेगळ्या मांडल्या म्हणून शिकवणाऱ्या सरांनी तिचाच तक्ता भिंतीवर लावला. टाळ्या मीही वाजवल्या, पण आतून जळत होते.

चहाला ती म्हणाली, "तुझ्या ॲपवर आधी कुणाला आणायचं गं, टॅक्सीवाल्यांना का पर्यटकांना?"

"बघू," म्हणून मी तोंड फिरवलं.

घरी जाताना साताऱ्याच्या एसटीत बसल्यावर मात्र तक्त्यावर उत्तर लिहिलं, आधी टॅक्सीवाले; गाड्याच नसतील तर पर्यटक बुक काय करणार? तिला अजून कळवलेलं नाही. ज्याचा हेवा वाटतो त्याचे आभार तुम्ही कसे मानता?