भाऊजींची बग्गी आणि झाकलेले मडके

भाऊजी गेल्याची बातमी घेऊन गिरगावाहून माणूस आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा इसम खोटे बोलतो आहे. असा धट्टाकट्टा माणूस साध्या तापाने जातो काय? कोणी पाठवले, ताप केव्हा चढला, औषध कोणाचे चालू होते, अशी मी दारातच त्याची उलटतपासणी घेतली. तो रडू लागला, तेव्हा कुठे मला खरे वाटले... स्वभावच तसा माझा. पण आमच्या ताईचे यजमान, म्हणजे हे भाऊजी, माझ्याही वरताण. लोहाराने नट आवळला, की तो गेल्यावर स्वतः पुन्हा आवळून पाहणार. घोडीच्या चंदीच्या दाण्यांचा वास घेतल्याशिवाय तिच्या तोंडाला तोबरा बांधू देणार नाहीत. दोन संशयी माणसांचे सूत जुळावे कसे? आमचे बरीच वर्षे जुळले नाही.

त्यांची एक दोनचाकी हलकी बग्गी होती. रविवारी सकाळी मित्रांबरोबर माहीमच्या रस्त्यावर शर्यत लावीत. गाडीखालच्या पोलादी पात्यांच्या कमानी अशा कडक, की वळणावर गाडी तसूभर कलत नसे, पण आत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. तोवर ताई त्या गाडीत कधी बसली नव्हती. पहिल्या खेपेला तिला बाळंतपणासाठी आमच्या परळच्या घरी आणताना भाड्याची गाडी केली होती. गाडीवान बेफाम निघाला, वाटभर गचके बसले, आणि तिचे दिवस फुकट गेले, मूल हाती लागले नाही. त्यानंतर भाऊजी आमच्या घरी येईनासे झाले. दोष आम्हांला देतात की काय, असे आईला वाटे. मला निराळेच वाटू लागले होते.

त्याला कारण आमच्याकडे मासळी घालणारी कोळीण. ताईला पुन्हा दिवस गेलेले, आणि ही एक दिवस पाटी उतरवता उतरवता आईला म्हणाली, "बाय, तुमचे जावय रोज लालबागला येतान. गाडीन झाकलेला मडका असतं. कोनाच्या घरा नेतान?" आईचा चेहरा पांढरा पडला. लालबागेपर्यंत यायचे, पुढे लागूनच परळला सासुरवाडी असून तिथूनच मागे फिरायचे, आणि सोबत मडके! माझे डोके सणकले. ताईच्या संसाराचा प्रश्न होता. भाऊजींनी दुसरे घर केले असेल, तर तिने या अवस्थेत जगायचे कोणाच्या तोंडाकडे पाहून?

दुसऱ्या दिवशी मी लालबागेच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. बग्गी आली. शर्यतीचा हा माणूस गाडी अशी हळू हाकत होता, की पाहूनच संशय यावा. मी लगाम धरला.

"भाऊजी, मडक्यात काय आहे?"

"दही," ते म्हणाले. "अर्धवट लागलेलं."

"कोणासाठी?"

"तुझ्या बहिणीसाठी. म्हणजे खायला नव्हे... बस वर, सांगतो."

मी बसलो, पण एक पाय पायरीवरच ठेवला. त्यांनी फडके उचलून दाखवले. दही मोडून वर पाणी तरंगत होते. "घरून निघताना हे अखंड असतं, गचका बसला की मोडतं," ते म्हणाले. "ज्या दिवशी इथवर अखंड येईल, त्या दिवशी तिला याच गाडीतून परळला आणीन. भाड्याच्या गाडीत आता तिला मी बसवणार नाही. आणि हे कोणाला बोललास तर बायका तिला घाबरवून सोडतील." त्यांनी कमानींची पाती काढून गाडी मऊ करून घेतली होती. मला अजून खरे वाटेना. इतक्यात समोरून खटारा आडवा आला, त्यांनी घोडी वळवली, आणि बग्गी एका अंगाला अशी झुलली, की मी त्यांच्या मांडीवर आदळलो आणि दही आम्हां दोघांच्या अंगावर. "पाहिलंस?" ते हताश होऊन म्हणाले. "कडक ठेवली तर गचके. मऊ केली तर वळणावर उलटायची भीती. कशावर भरवसा ठेवू?"

मग रोज मीही जाऊ लागलो. खरे सांगायचे तर पाळतीवर, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. भाऊ कशाला असतो? एक पाते परत घातले, झोल आवरायला कमानींना चामड्याचे पट्टे बांधले, पट्टे ढिले केले, पुन्हा आवळले. गाडीचा वेग गेला, शर्यती सुटल्या. मित्र थट्टा करीत, भाऊजी ऐकून घेत. एका सकाळी लालबागेत फडके काढले, तर दही आरशासारखे स्थिर. तो घुमा माणूस भर रस्त्यात डोळे पुसू लागला. त्या दिवसापासून मला ते फार आवडू लागले.

ताई त्याच बग्गीतून परळला आली. मी मागे बसलो होतो, चाकांवर नजर ठेवून. तिला मुलगी झाली.

भाऊजींमागे मी बग्गी विकायला काढली, ती पाहायला परवा एक गिऱ्हाईक आले. चाबूक घेऊन स्वतः हाकून पाहिली, आणि उतरून नाक मुरडले. "ना धड शर्यतीची, ना धड बायकांच्या कामाची. कोणी बिघडवली ही?" हा भाव पाडायला बोलतो आहे, हे मी ओळखले, आणि उत्तर देणार, तोच दाराआडून ताईचा आवाज आला. भाऊजी गेल्यापासून परक्या माणसासमोर ती बोलली नव्हती.

"बिघडवली नाही. माझ्यापुरती करून घेतली आहे. त्यांना म्हणावं, विकायची नाही."