डाळिंबाचा शिंपी

सन १९५५, श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळी साडेआठ. दाव्याची रक्कम चार रुपये बारा आणे, कलदार, म्हणजे भारत सरकारच्या नाण्यात. हजर चौघं: मी, माझी बायको, कळंबच्या आमच्या घराच्या ओट्यावर भाड्यानं शिलाई मशीन लावलेले शिंपी, म्हणजे मास्तर, आणि डाळिंबं घ्यायला आलेली बागवानांची म्हातारी, खाला.

परसात डाळिंबाचं एकच झाड. फळं अडतीस. रोज दात घासताना मी ती लांबून मोजत असे आणि रोज अडतीसच भरत. त्या दिवशी पहिलं तोडलं, तर कापसासारखं हलकं. सालीला वाटाण्याएवढं गोल भोक, आत काळा, घाण वासाचा लगदा. पुढची दोन तशीच. गळालं मात्र एकही नव्हतं, कारण देठ फांदीला बारीक पांढऱ्या धाग्यानं बांधलेले होते.

धागा आहे म्हणजे शिंपी आहे. माझ्या बुद्धीला एवढा पुरावा भरपूर झाला. दाणे खाऊन, माझी मोजणी चुकू नये म्हणून मास्तरांनी सालं जागेवर बांधून ठेवली होती. फळाला दोन आणे धरून मी अडतीसही फळांची भरपाई मागितली. नाही तर आठ दिवसांत ओटा रिकामा. बाजाराच्या वाटेवरचा तो ओटा सुटला तर मास्तरांचं गिऱ्हाईकही सुटणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर बोललो.

मास्तरांनी देठ डोळ्यांजवळ नेला. "चोर म्हणायचं तर म्हणा, मालक. पण हा टाका माझा म्हणू नका. लई गचाळ हाय."

खालानं अंगठ्यानं एक फळ फोडलं. आतून पांढऱ्या डागांची जाड काळसर अळी निघाली.

"हा घ्या तुमचा शिंपी. ह्याला काढा ओट्यावरनं."

मग तिनं सांगितलं. रुपयाएवढं निळं पाखरू फुलावर, कोवळ्या फळावर एकेक अंडं घालतं. अळी आत शिरते, दाणे खाते. पोकळ फळ आपल्यासकट खाली पडू नये म्हणून भरल्या पोटी बाहेर येते, देठ फांदीला बांधते आणि पुन्हा आत जाऊन कोश करते. पुढं त्यातून निळं पाखरूच निघतं.

ते पाखरू मी उन्हाळाभर बघितलं होतं. झाडाला काय शोभा आली, म्हणून बायकोलाही बोलावून दाखवलं होतं.

"मोजताना एकदा तरी हात लावायचा," बायको म्हणाली.

सगळी फळं उतरवली. एकतीस पोकळ, सात चांगली. सातांचे चौदा आणे खालानं दिले.

मी मास्तरांना म्हणालो, "गैरसमज झाला."

"झाला न्हाय, तुमी केला," म्हणत ते मशीनचा पट्टा उतरवू लागले.

बायकोनं पट्टा त्यांच्या हातून घेतला. "मास्तर, पुढच्या बहाराला फळं कोवळी असतानाच बांधायला मलमलीच्या पिशव्या लागतील. चाळीस शिवा. कापड माझं. आणि ओटा तुमचाच."

"शिलाई नगाला दोन आणे, वहिनी."

फळाच्या भावात पिशवी! पण त्या दिवशी घासाघीस करायला मला तोंड नव्हतं. खालाचे चौदा आणे, वर माझे चार रुपये दोन आणे, असे पाच रुपये मास्तरांना आगाऊ दिले.